बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची सूची कशी तयार होते?

चर्चच्या दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांची लाखो पानं आज इंटरनेटवर पाहता येतात. पण पान दिसलं म्हणून माणूस सापडत नाही. स्कॅन केलेलं पान हे संगणकासाठी निव्वळ चित्र असतं आणि त्या चित्रातलं नाव शोधायला तो असमर्थ असतो. शोधाच्या चौकटीत पूर्वजाचं नाव टाकल्यावर नेमकं तेच पान समोर यायचं असेल, तर आधी कुणीतरी ते पान डोळ्यांनी वाचून मुलाचं नाव, आईवडील, तारीख, गाव असा तपशील ठराविक रकान्यांत भरून ठेवावा लागतो. याला इंडेक्सिंग म्हणतात. जगभरात हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक घरी बसून, बिनमोबदला करतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर अनेक देशांच्या नोंदवह्यांचं काम चालतं, ब्रिटनमधल्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) वह्यांसाठी फ्रीरेग हा प्रकल्प आहे आणि पोलंडमध्ये तिथल्या वंशशोधकांच्या संस्थेनं उभारलेली गेनेटेका आहे.

सूची करणं आणि पूर्ण नक्कल उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. नकलेत नोंदीतला शब्द न् शब्द येतो. सूचीत शोधायला लागतील तेवढीच माहिती येते, बाकी सगळं मूळ पानावर राहतं. त्यामुळे काम करताना अडलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी असं लिहिलं तर शोधणाऱ्याला हे पान सापडेल का? पुढं येणारे बहुतेक नियम याच प्रश्नातून आले आहेत.

वही कुणी आणि का लिहिली

हे माहीत असलं की पानावर काय असेल आणि काय नसेल याचा अंदाज येतो. इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशानं प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. सुरुवातीच्या नोंदी बऱ्याचदा सुट्या कागदांवर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्राच्या वहीत उतरवून घ्यायला आणि दरवर्षीची एक प्रत बिशपकडे पाठवायला सांगितलं गेलं. म्हणून एकाच बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी सापडू शकतात, एक पॅरिशच्या वहीत आणि दुसरी बिशपच्या प्रतीत. दोन्हींची सूची करायची. दुसरी 'डुप्लिकेट' आहे म्हणून सोडून द्यायची नाही, कारण कित्येक पॅरिशच्या मूळ वह्या ओलीनं, आगीनं किंवा उंदरांनी नष्ट झाल्या आहेत आणि उरली आहे ती प्रतच.

कॅथलिक चर्चमध्ये १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं लग्नाची वही ठेवण्याचा आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावं लिहून घेण्याचा नियम केला. त्यामागं कारण होतं. बाप्तिस्म्यानं मूल आणि त्याचे धर्मपालक यांच्यात आध्यात्मिक नातं जडतं आणि त्यांचं आपसात लग्न होऊ शकत नाही, असा चर्चचा कायदा होता. ती नावं पुढं पडताळता यायला हवी होती. म्हणून कॅथलिक नोंदीत धर्मपालक जवळजवळ नेहमी सापडतात, इंग्लंडच्या अँग्लिकन (तिथल्या अधिकृत चर्चच्या) नोंदीत क्वचितच. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंदीचा नमुनाही दिला गेला, त्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या लॅटिन नोंदींचा सांगाडा बराचसा सारखा असतो. एकदा तो सांगाडा डोळ्यांत बसला की अक्षर कितीही वाईट असलं तरी कोणता शब्द कुठं येणार हे कळायला लागतं.

नवख्या माणसानं सुरुवात इंग्लंडच्या १८१३ नंतरच्या वह्यांपासून करावी. त्या वर्षापासून तिथं बाप्तिस्म्यासाठी छापील वही आली. पानावर आठ नोंदी आणि प्रत्येक नोंदीत ठरलेले रकाने: बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. जन्मतारखेला त्यात रकानाच नव्हता. काही पाद्री ती समासात किंवा नावाखाली लिहून ठेवत, पण तो त्यांचा वैयक्तिक शिस्तीचा भाग होता. आईचं माहेरचं आडनावही तिथं मिळत नाही. छापील चौकटींवर हात बसला की मग मोकळ्या हस्ताक्षरातल्या अठराव्या आणि सतराव्या शतकाकडं मागं मागं जावं.

टाइप करण्याआधी

काम 'बॅच'मध्ये मिळतं. एका बॅचमध्ये काही थोडी पानं असतात. बॅच उघडल्या उघडल्या पहिल्या नावावर तुटून पडू नका. आधी त्या प्रकल्पाच्या सूचना पूर्ण वाचा. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण तो टाळतात, पण सर्वांत जास्त चुका इथंच जन्मतात. कारण नियम प्रकल्पागणिक बदलतात. न वाचता येणारं एक अक्षर फॅमिलीसर्चमध्ये प्रश्नचिन्हानं दाखवतात आणि अनेक अक्षरं असतील तर '*' या फुलीनं. फ्रीरेगमध्ये एका अक्षरासाठी '_' ही आडवी रेघ वापरतात आणि दोन-तीन अक्षरांपैकी कोणतं याबद्दल शंका असेल तर ती सगळी चौकोनी कंसात देतात. एकीकडची सवय दुसरीकडं नेली की शोध बिघडतो.

मग सगळी पानं एकदा वरवर चाळा. पाद्र्याचं अक्षर ओळखा. वर्ष, महिना आणि पाद्र्याचं नाव यांसारखे शब्द ओळखीचे असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. त्यांतून त्याचा आर, त्याचा ई, त्याचं मोठं एस कसं आहे हे एका कागदावर उतरवून घ्या. हा दहा-पंधरा मिनिटांचा तक्ता पुढचे तास वाचवतो. अडलेल्या आडनावाशी झुंजण्यापेक्षा तेच अक्षर त्याच हातानं ओळखीच्या शब्दात कसं काढलंय ते शोधणं केव्हाही खात्रीचं.

आधीचं आणि नंतरचं पानही पाहा. बऱ्याच वह्यांत वर्ष फक्त बदलतं तेव्हाच लिहिलेलं असतं, कधी चार पानं मागं. पानाच्या तळाशी सुरू झालेली नोंद पुढच्या पानावर संपत असते. शाई पाठीमागून उमटली असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून किंवा चित्राचे रंग उलटे करून पाहा. जुनी लोहयुक्त शाई कागद खाते, त्यामुळे जाड रेघांच्या जागी कधी अक्षरांऐवजी भोकंच असतात. तिथं जे उरलंय तेवढंच लिहायचं.

अक्षरं जी फसवतात

इंग्रजी आणि लॅटिन हस्ताक्षरात शब्दाच्या मध्ये येणारं 'लांब एस' हुबेहूब एफसारखं दिसतं. नावाच्या सुरुवातीला दोन लहान एफ दिसले तर तो त्या काळचा मोठा एफ असतो, आडनावात दोन एफ नसतात. आय आणि जे, तसंच यू आणि व्ही ही अक्षरं एकमेकांच्या जागी लिहिली जात. सगळ्यांत छळतात त्या एम, एन, यू, आय या अक्षरांच्या आखूड उभ्या रेघा. त्या एकापुढं एक आल्या की नुसतं कुंपण दिसतं. अशा वेळी रेघा मोजायच्या आणि आय वरचा टिंब शोधायचा. जर्मन भागातल्या कुरेंट लिपीत ई हे अक्षर एनसारखं दिसतं, आणि यूला एनपासून वेगळं करायला त्याच्या डोक्यावर छोटी कमान काढतात. ती कमान धूळ समजून सोडली की आडनाव बदललंच.

नावांची संक्षिप्त रूपं हा पुढचा सापळा. जे-एन-ओ ही तीन अक्षरं म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. जे-ए-एस म्हणजे जेम्स. डब्ल्यूच्या डोक्यावर छोटा एम म्हणजे विल्यम. नावाची सुरुवात एक्स-पीनं झाली तर ते ख्रिस्तोफर असण्याची शक्यता मोठी, कारण ग्रीक लिपीत ख्रिस्त या शब्दाची पहिली दोन अक्षरं एक्स आणि पीसारखी दिसतात. संक्षेप पूर्ण करून लिहायचा की जसाच्या तसा, हे प्रकल्प सांगतो. सूचना काहीच बोलत नसतील तर जसाच्या तसा ठेवणं सुरक्षित.

इंग्लंडच्या वह्यांत १७८३ नंतर काही वर्षं नावाशेजारी एकटा 'पी' दिसतो. तो मधल्या नावाचं आद्याक्षर समजून अनेक जण रकान्यात भरतात. त्या वर्षी प्रत्येक नोंदीवर ३ पेन्सचा कर बसला, तो १७९४ पर्यंत होता, आणि निर्धनांना त्यातून सूट होती. तो 'पी' म्हणजे 'पॉपर', निर्धन असल्याची खूण.

तारखा

इथं घाई करू नका. लॅटिन नोंदीत '७ब्रिस' दिसलं की हात आपोआप सातवा महिना, जुलै लिहायला जातो. पण तो सप्टेंबर. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा. तसंच '८ब्रिस' ऑक्टोबर, '९ब्रिस' नोव्हेंबर आणि रोमन दहाचं चिन्ह लावलेलं 'ब्रिस' म्हणजे डिसेंबर.

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे डिसेंबर १७३४ नंतर येणारा जानेवारीही १७३४ चाच लिहिलेला असतो. आजच्या हिशेबानं तो १७३५. काही लेखनिक १७३४/५ असं दुहेरी वर्ष लिहीत. पानावर जे आहे ते लिहायचं, वर्ष मनानं 'सुधारायचं' नाही. निम्म्या स्वयंसेवकांनी सुधारलं आणि निम्म्यांनी नाही, तर शोधणाऱ्याला कोणत्या वर्षावर विश्वास ठेवायचा हे कधीच कळणार नाही. १७५२ मध्ये तिथं २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, तेव्हा मधल्या तारखांची नोंद दिसली तर आपण आकडा चुकीचा वाचतोय का हे आधी तपासा.

डेन्मार्क आणि नॉर्वेच्या जुन्या वह्यांत बऱ्याचदा तारखेऐवजी सणाचं नाव असतं, उदाहरणार्थ त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) सणानंतरचा तिसरा रविवार. ईस्टर दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान सरकतो आणि बरेचसे रविवार त्याच्याशी बांधलेले असतात. १८०० साली ईस्टर १३ एप्रिलला होता. सात आठवड्यांनी पेंटेकॉस्ट हा पवित्र आत्म्याचा सण, १ जून. पुढचा रविवार त्रैक्याचा, ८ जून. त्यानंतरचा तिसरा रविवार २९ जून. अशा सणांचे तयार तक्ते मिळतात, ते वापरा, पण तक्त्यातलं वर्ष दोनदा तपासा. वर्ष एकानं चुकलं की सगळ्या तारखा चुकतात.

जन्म आणि बाप्तिस्मा या तारखांची अदलाबदल ही रोजची चूक. एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असेल तर सुईणच घरी बाप्तिस्मा देत असे आणि मूल जगलं तर उरलेला विधी नंतर चर्चमध्ये होई. अशा नोंदीत जन्म, घरचा बाप्तिस्मा आणि चर्चमधला विधी अशा तीन तारखा असू शकतात. शिवाय १९०८ पासून कॅथलिक वह्यांत व्यक्तीच्या लग्नाची नोंद तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करायचा नियम आला. म्हणून १८८५ साली जन्मलेल्या मुलीच्या नावाशेजारी १९०९ ची तारीख दिसली तर ती तिच्या लग्नाची असणार. ती बाप्तिस्म्याच्या रकान्यात घालायची नाही.

एक लॅटिन नोंद सोडवून पाहू

ही नोंद समजावण्यासाठी बनवली आहे, पण अशा हजारो सापडतील:

'दिए १४ ७ब्रिस १७४२ बाप्तिझावी योआनेम, नातुम प्रिदिए, फिलिउम लेगितिमुम पेत्री म्युलर एत काथारिने कोन्युगुम. लेवांतेस मिखाएल वेबर एत आना उक्सोर गेओर्गी श्मिड.'

अर्थ असा: १७४२ च्या सप्टेंबरच्या १४ तारखेला मी योआनेसला बाप्तिस्मा दिला. तो आदल्या दिवशी जन्मला. पेत्रुस म्युलर आणि काथारिना या दांपत्याचा तो औरस मुलगा. धर्मपालक मिखाएल वेबर आणि गेओर्ग श्मिडची बायको आना.

लॅटिनमध्ये नावाला विभक्ती लागते. 'मी अमक्याला बाप्तिस्मा दिला' म्हणून मुलाचं नाव योआनेम झालं आणि 'अमक्याचा मुलगा' म्हणून बापाचं नाव पेत्री. सूचीत प्रथमा विभक्तीचं रूप जातं, योआनेस आणि पेत्रुस. 'पेत्री' तसंच ठेवलं तर शोधणाऱ्याला बाप सापडणार नाही. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे त्याचं भाषांतर करणं. योआनेस हा घरी योहान होता, यान होता की जॉन, हे नोंद सांगत नाही. प्रकल्पानं स्पष्ट सांगितल्याशिवाय लॅटिन नाव लॅटिनच ठेवा.

जन्मतारीख थेट लिहिलेली नाही, पण 'प्रिदिए' म्हणजे आदल्या दिवशी, म्हणून १३ सप्टेंबर. अशी मोजून काढलेली तारीख भरायची का, हे सूचनांत पाहायचं. आईचं आडनाव दिलेलं नाही, तो रकाना रिकामा राहील. तिथं 'म्युलर' भरण्याचा मोह होतो, पण त्यानं माहेरचं आडनाव म्युलर असलेली एक खोटी बाई जन्माला येते आणि पुढं कुणाच्या तरी वंशावळीत कायमची शिरते. श्मिड हे धर्ममातेच्या नवऱ्याचं आडनाव, म्हणून ते तिच्या आडनावात जाईल की नाही हेही नियमावर अवलंबून.

न लिहिलेलं लिहू नका

नॉर्वेच्या नोंदीत बाप 'ओले हान्सेन' आणि मूल नुसतंच 'आंदेर्स' असतं. तिथं पूर्वी बापाच्या नावावरून मुलाची ओळख ठरे, म्हणून तो मोठेपणी आंदेर्स ओल्सेन होईल. त्याच्या आडनावात 'हान्सेन' लिहिलं तर ते सरळ चूक, 'ओल्सेन' लिहिलं तर अंदाज. रकाना रिकामा ठेवा, शोधयंत्र बापाच्या नावावरून त्याला गाठेल.

विवाहबाह्य मुलांच्या नोंदी जास्त काळजी मागतात. बापाच्या जागी 'अज्ञात' असेल तर तो रकाना रिकामा. 'कथित बाप' म्हणून कुणाचं नाव दिलं असेल तर सूचना सांगतील तसंच करायचं आणि मुलाला त्याचं आडनाव आपण होऊन द्यायचं नाही. पाद्र्यानं वापरलेले कडू शब्द वाचताना मन खट्टू होतं. ते सौम्य करणं आपल्या हातात नाही, पण त्या आईचं नाव अचूक उतरवणं आहे, आणि अनेकदा तिच्या अस्तित्वाचा तेवढाच कागद उरलेला असतो.

जुळ्यांची एकच नोंद असते, सूचीत मात्र दोन ओळी करायच्या आणि आईवडील दोन्हीकडं भरायचे. नावासाठी जागा सोडून ती कधीच भरली गेली नसेल तर नाव कोरं, बाकी सगळं भरायचं. नावाशेजारचा छोटा क्रूस बहुतेक वेळा ते मूल लवकर गेल्याची खूण असते. खोडलेली नोंद वाचता येत असेल तर बहुतेक प्रकल्प ती सूचीत घ्यायला सांगतात.

आडनावाचं स्पेलिंग तर अजिबात सुधारू नका. एकाच कुटुंबाचं आडनाव एकाच पाद्र्यानं तीन मुलांच्या वेळी तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. तो कानावर पडेल तसं लिहीत होता आणि सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नव्हतं. मिळतीजुळती रूपं जुळवायचं काम शोधयंत्र करतं. आपण सगळं एकसारखं केलं तर नाव कसं उच्चारलं जायचं याचा पुरावा पुसला जातो. गावांच्या नावांचंही तेच, जुनं रूप तसंच राहू द्या. यादीत सुचवलेलं नाव जवळचं दिसतंय म्हणून क्लिक करण्याआधी तो परगणा तोच आहे का ते पाहा.

सादर करण्याआधी आणि नंतर

पानावरच्या नोंदी मोजा आणि भरलेल्या ओळी मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर एखादी नोंद सुटली आहे किंवा जुळ्यांची गफलत आहे. मग तारखांचा रकाना वरून खाली एका दमात वाचा. बाप्तिस्मे साधारण क्रमानं येतात, त्यामुळे मार्चमध्येच अचानक ऑगस्ट दिसला तर तिथं थांबून मूळ पान पाहा. शेवटी मुलगा-मुलगी हा रकाना नावाशी ताडून पाहा. लॅटिनमध्ये 'फिलिउस' मुलगा आणि 'फिलिआ' मुलगी, पण घाईच्या अक्षरात दोन्हींचा शेवट एकाच वेलांटीत विरघळतो, तेव्हा नावच खरं सांगतं.

बॅच तुम्ही पाठवलीत की बहुतेक प्रकल्पांत दुसरा अनुभवी माणूस ती तपासतो. तुमचं वाचन बदललं गेलं तर का बदललं ते पाहा, अक्षरओळख याच तुलनेतून पक्की होते. आता हस्तलिखित वाचणारी संगणकप्रणालीही आली आहे. एकाच हाताच्या, स्वच्छ आणि लांब वहीवर तिला शिकवलं तर ती उपयोगी पडते. पण पाद्री बदलला, शाई फुटली किंवा नोंद समासात शिरली की ती अडखळते, आणि मग तिनं काढलेली नावं माणसालाच पानाशी ताडून पाहावी लागतात.

अलीकडच्या वह्या तुमच्यापर्यंत येणार नाहीत. जिवंत माणसांची माहिती उघड होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी जन्माच्या नोंदी १०० वर्षं किंवा त्याहून जास्त काळ बंद ठेवतात. एखाद्या जुन्या वहीच्या शेवटी चुकून अशी अलीकडची पानं आली असतील, तर ती भरण्याऐवजी प्रकल्प चालवणाऱ्यांना कळवा.